गिऱ्हाईक कुठं गेलं?

कुठल्याही धंद्यात माणूस शिरला की आधी त्याची भाषा बदलते, कमाई नंतर. मंडईत नव्याने गाळ्यावर बसलेला पोरगा आठ दिवसांत 'भवानी', 'वाटा', 'उठाव', 'उधारी' असं बोलायला लागतो. मार्केट यार्डात कामाला लागलेल्याला हमाली, तोलाई, अडत, पट्टी हे शब्द पहिल्या महिन्यातच येतात. जनावरांच्या बाजारात तर पुष्कळदा बोलायचंच नसतं, रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरतो. तीही एक भाषाच.

हे शब्द पाठ करणं म्हणजे अर्धा धंदा शिकणं, असं माझं मत आहे. त्या धंद्यात लक्ष कशाकडे ठेवायचं ते शब्दच सांगतात. पहिल्या विक्रीला 'भवानी' असं वेगळं नाव आहे, कारण विकणाऱ्याचे डोळे सकाळपासून त्या पहिल्या माणसाकडे लागलेले असतात. 'उठाव' हा शब्द आहे, कारण संध्याकाळी उरलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. आणि 'पट्टी' हा शब्द आहे, कारण किती क्विंटल माल गेला याहून सगळं कापून हातात किती आले हे शेतकऱ्याला कळावं लागतं.

म्हणून एखाद्या धंद्याबद्दल मत बनवायचं असेल तर मी त्याची माहितीपत्रकं फारशी वाचत नाही. त्यातली माणसं कसं बोलतात ते ऐकतो. कुठल्या गोष्टीला त्यांच्याकडे पाच पाच शब्द आहेत आणि कुठल्या गोष्टीला एकही नाही, एवढं पाहिलं तरी बरंच काही समजतं.

आज हे लिहायचं कारण म्हणजे थेट विक्रीचा धंदा. डायरेक्ट सेलिंग, नेटवर्क मार्केटिंग, एमएलएम, साखळी योजना... ज्याला जे नाव सोयीचं तो ते वापरतो. माझी एक भाची गेल्या दिवाळीनंतर अशाच एका कंपनीत 'जॉइन' झाली. (कंपनीचं नाव नको. मुद्दा त्या एका कंपनीचा नाहीच.) पंधरा दिवसांनी तिने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, हे शब्द पाठ करायला सांगितलेत. तू बँकेत होतास ना, मग जरा समजावून सांग."

पानावर सतरा शब्द होते. लिस्ट, वॉर्म मार्केट, प्रॉस्पेक्ट, इन्व्हाइट, एसटीपी, फॉलोअप, जॉइनिंग, अपलाइन, डाउनलाइन, क्रॉसलाइन, लेग, पीव्ही, बीव्ही, पिन, एडिफाय, पॅसिव्ह इन्कम आणि शेवटचा निगेटिव्ह.

मी ते पान दोनदा वाचलं. माणसाला जोडण्याचे शब्द होते, जोडलेल्या माणसाचे शब्द होते, जोडलेल्या माणसांच्या रांगेचे शब्द होते. पण जो फक्त साबण घेतो, पैसे देतो आणि घरी जाऊन आंघोळ करतो, त्याच्यासाठी एकही शब्द नव्हता. गिऱ्हाईक त्या पानावर कुठंच नव्हतं.

हे असंच होतं असं मात्र नाही. आपल्याकडे दारोदार जाऊन वस्तू विकणं नवं नाही. बोहारीण कित्येक पिढ्या येत होती, जुन्या कपड्यांवर भांडी देत होती, आणि घासाघीस करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९८२ साली युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेले तरुण व्हॅक्यूम क्लीनरची पेटी घेऊन शहरातल्या घरांच्या बेल वाजवू लागले. त्यांचीही भाषा इंग्रजीच होती, डेमो, लीड, कोल्ड कॉल, टार्गेट, क्लोजिंग. पण त्या सगळ्या शब्दांच्या मध्यभागी दार उघडणारी बाई होती. ती घेते की नाही यावर त्या पोराचा महिना ठरायचा. तिच्या सतरंजीवरची धूळ दाखवून तिला शरमिंदं करायचं हेही त्यात होतं, पण निदान लक्ष तिच्याकडे होतं.

दुसऱ्या प्रकारची भाषा अमेरिकेतून आली. १९४५ साली न्यूट्रिलाइट या पूरक आहाराच्या गोळ्या विकण्यासाठी तिथे अशी योजना आखली गेली, की विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीवर तर मिळेलच, शिवाय त्याने आणलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही मिळेल. रिचर्ड डीव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल हे दोघं मित्र याच गोळ्या विकत होते. त्यांनी १९५९ साली अ‍ॅमवे काढली. आपल्याकडे १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि त्या दशकाच्या मध्यावर ओरिफ्लेम, टपरवेअर, मोदीकेअर अशा कंपन्या उभ्या राहिल्या. अ‍ॅमवेची विक्री १९९८ साली सुरू झाली. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी माणूस असा झाला, जो बऱ्याच दिवसांनी फोन करायचा आणि "सहजच केला" म्हणायचा.

तर आता ते शब्द. नव्याने या धंद्यात पडणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावेत म्हणून, जसे मी भाचीला सांगितले तसेच इथे मांडतो.

'लिस्ट' म्हणजे यादी. कसली? तर ओळखीच्या माणसांची. शंभर नावं लिहा असं सांगतात. शाळेतले मित्र, लग्नात भेटलेले पाहुणे, इस्त्रीवाला, मुलाच्या शिकवणीच्या बाई, कुणालाही आधीच वगळायचं नाही. याच माणसांना एकत्रितपणे 'वॉर्म मार्केट' म्हणतात. ऊबदार बाजार! आता मराठीत म्हणून बघा, "मावशी हा माझा ऊबदार बाजार आहे." जीभ अडखळते ना? इंग्रजीत अडखळत नाही. या शब्दांचं खरं काम तेच आहे असं मला वाटतं. जे आपल्या भाषेत म्हणायला लाज वाटेल, ते परक्या भाषेत सहज म्हणता येतं.

'प्रॉस्पेक्ट' म्हणजे यादीतला असा माणूस, ज्याच्याशी अजून बोलणं झालेलं नाही किंवा जो अजून हो म्हणालेला नाही. यात गोम अशी, की 'हो' कशाला म्हणायचं ते या शब्दात येत नाही. वस्तू घ्यायला की धंद्यात यायला? दुकानदाराच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वाण्याकडे साखर घ्यायला गेलेल्या माणसाला वाणी दुकानात भागीदारी देऊ करत नाही. दिलीच तर आपण घरी येऊन म्हणू, "त्याचं दुकान चालत नाही वाटतं."

'इन्व्हाइट' करणं म्हणजे बोलावणं. पण कशासाठी ते न सांगता. "एक जबरदस्त संधी आहे, फोनवर नाही सांगता येणार, रविवारी अकराला ये, वहिनींनाही आण." उत्सुकता चाळवायची आणि माहिती द्यायची नाही, हे रीतसर शिकवलं जातं. आता इथे एक गोष्ट नव्या माणसाने लक्षात ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी थेट विक्रीचे नियम जाहीर केले. त्यांत विक्रेत्याची कर्तव्यं दिली आहेत. विक्रीचं बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकतो आणि कशासाठी आलो आहोत हे खरं आणि स्पष्ट सांगायचं. ओळखपत्र जवळ ठेवायचं आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. म्हणजे ज्याला मीटिंगमध्ये कौशल्य म्हणून शिकवतात, ते या नियमाच्या उलट्या दिशेला जातं.

'एसटीपी' म्हणजे शो द प्लॅन, योजना दाखवणं. या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. पांढऱ्या फळ्यावर एक वर्तुळ काढतात, हे तुम्ही. तुमच्याखाली सहा वर्तुळं. त्या प्रत्येकाखाली चार. त्या प्रत्येकाखाली दोन. सहा-चार-दोन. सहा माणसं आणायची, बस्स, तेवढं कुणालाही जमेल! हिशेब करा. तुम्ही १, खाली ६, त्याखाली २४, त्याखाली ४८. एकूण ७९. मग प्रत्येकाने महिन्याला अमुक इतका माल घेतला तर तुम्हाला किती, ते कोपऱ्यात लिहून दाखवतात.

बँकेतल्या सवयीने मी तोच कागद खालून वर वाचतो. ७९ माणसांपैकी ४८ जणांच्या खाली कुणीच नाही. २४ जणांच्या खाली दोघं दोघं. म्हणजे योजना ठरल्याप्रमाणे तंतोतंत चालली, एकही माणूस गळाला नाही, तरीसुद्धा दहातले सहा जण तळाला बसलेले आहेत. बरं, त्या ४८ जणांनाही तुमच्याइतकंच व्हायचं आहे. प्रत्येकाला ७८ माणसं हवीत. ४८ गुणिले ७८ म्हणजे ३७४४. एक बऱ्यापैकी गाव झालं. आणि त्या ३७४४ पैकी २३०४ जणांच्या खाली पुन्हा कुणी नाही. कितीही वाढवा, तळ निम्म्याहून मोठाच राहतो. यात कुणाची फसवणूक असायलाच हवी असं नाही, हा साधा गुणाकार आहे. फक्त फळ्यावर तो नेहमी वरून खाली मोजला जातो.

'अपलाइन' म्हणजे ज्याने तुम्हाला आणलं तो आणि त्याच्यावरचे. 'डाउनलाइन' म्हणजे तुम्ही आणलेले आणि त्यांच्याखालचे. 'लेग' म्हणजे खालची एक एक फांदी (इंग्रजीतला पाय, पण उभा राहतो दुसऱ्यांच्या खांद्यावर). 'क्रॉसलाइन' म्हणजे शेजारच्या फांदीवरचा, तुमच्यासारखाच धंदा करणारा, पण ज्याच्या कमाईशी तुमचा संबंध नाही. शिकवण अशी, की अडचण असेल तर ती वर सांगायची, खाली सांगायची नाही आणि शेजारी तर मुळीच नाही. वर तक्रार जाईल, खाली उत्साह येईल.

एकाच गल्लीत चार भाजीवाले बसले की ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. तरी दुपारी डबा खाताना "आज काही खरं नाही" एवढं एकमेकांना सांगतात. त्यातून कळतं की मंदी सगळ्यांनाच आहे, दोष आपला एकट्याचा नाही. शेजाऱ्याशी बोलायचंच नाही म्हटलं की प्रत्येकाला वाटत राहतं, सगळ्यांचं छान चाललंय, माझंच काहीतरी चुकतंय. या धंद्यात अपयश आलेली माणसं इतकी गप्प का असतात याचं उत्तर मला या एका शब्दात सापडतं.

'पीव्ही' आणि 'बीव्ही' हे गुण. वस्तू घेतली की तिच्या किमतीच्या प्रमाणात गुण मिळतात आणि गुणांवर तुमची पायरी ठरते. इथे रुपयांची जागा गुणांनी घेतली, आणि नफ्याची जागा उलाढालीने. भाची मला उत्साहाने म्हणाली, "मामा, माझे दोनशे झाले." मी विचारलं, "दोनशे काय?" ती थांबली. रुपये नव्हते, एवढं नक्की.

रुपयांत मांडून बघू. समजा, छापील किंमत ५००० रुपये असलेला माल तुम्हाला ४००० ला मिळाला. सगळा विकला तर १००० सुटले. त्यातून महिन्याचं जाणं-येणं ३००, फोन-इंटरनेट २००, सभेचं तिकीट २५०. हातात उरले २५०. आता समजा, अर्धाच माल विकला आणि अर्धा घरी वापरला. मग सुटले ५००, खर्च ७५०, म्हणजे २५० रुपये पदरचे गेले. पण गुण दोन्ही वेळा तेवढेच मिळतात! गुणांना माल खपला की कपाटात गेला हे कळत नाही. 'पट्टी'ला कळतं.

यावर उत्तर तयार असतं. "घरी काहीतरी वापरणारच ना? मग दुसऱ्याच्या दुकानातून घेण्याऐवजी स्वतःच्या दुकानातून घ्या." ऐकायला झकास आहे. पण कुठल्याही वाण्याला विचारा. तो घरी गूळ नेतो तेव्हा तो खपात धरतो का? नाही. तो त्याच्या घरखर्चात जातो. पूर्वी चाळीस रुपयांची टूथपेस्ट आणणाऱ्या घरात गुणांसाठी दीडशेची येऊ लागली, तर तो धंदा नाही झाला, किराणा महाग झाला.

'पिन' म्हणजे पायरीचा बिल्ला. सिल्व्हर, गोल्ड, रुबी, एमराल्ड, डायमंड. माणसाचं नाव मागे पडतं आणि तो डायमंड होतो. "आज आपल्यामध्ये एक डायमंड आले आहेत." त्यांचं तोंड भरून कौतुक करणं म्हणजे 'एडिफाय' करणं, आणि हेसुद्धा शिकवलं जातं. स्टेजवरच्या माणसाला मोठं केलं की त्याच्या शब्दाला वजन येतं, आणि त्या वजनाचा उपयोग तुमच्याच प्रॉस्पेक्टवर होतो. हे सरळसरळ असंच सांगतात, काही लपवत नाहीत.

'पॅसिव्ह इन्कम' म्हणजे बसून खाणं. मराठीत हा शब्दप्रयोग शिवीसारखा वापरतात, ही आपल्या भाषेची गंमत. पण स्वप्न म्हणून ते खरंच मोठं आहे, आणि ज्याची नोकरी कंत्राटावर आहे, ज्याच्या घरात आजारपण आहे, त्याला ते स्वप्न दाखवणं सोपं आहे. याबद्दल मी हसणार नाही.

शेवटचा शब्द 'निगेटिव्ह'. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा शब्द हाच. नवरा हिशेब विचारतो, तो निगेटिव्ह. भाऊ म्हणतो जरा थांब, तो निगेटिव्ह. मैत्रीण फोन उचलत नाही, तीही निगेटिव्ह. एखाद्या धंद्यात 'तोटा' या शब्दाऐवजी 'निगेटिव्ह' हा शब्द आला की फार मोठा बदल होतो. तोटा वहीत असतो, मोजता येतो. निगेटिव्ह माणसात असतो, त्याला टाळावं लागतं. आणि टाळायची माणसं तीच असतात, जी उद्या पैसे बुडाले तर पोळीभाजी घेऊन दारात येणार असतात.

असो. शब्द झाले. आता माझा मुद्दा.

कुणी म्हणेल, शब्दांवरून एवढं काय? गिऱ्हाईक हा शब्द नसला म्हणून काय बिघडलं? तर बिघडतं असं की, चांगली थेट विक्री आणि माणसांची साखळी यांच्यामधली सीमारेषा नेमकी याच शब्दावरून जाते, आणि हे मी नाही, कायदा म्हणतो.

अमेरिकेत अ‍ॅमवेवर पिरॅमिडचा आरोप झाला होता. १९७९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने निकाल दिला, की ही बेकायदा पिरॅमिड योजना नाही. (किमती ठरवून देणं आणि कमाईचे फुगवलेले दावे, याबद्दल मात्र कंपनीला ताकीद मिळाली.) कंपनीच्या बाजूने कशाची नोंद झाली ते बघण्यासारखं आहे. तिचे तीन नियम होते. विक्रेत्याने महिन्याला दहा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना माल विकला पाहिजे. घेतलेल्या मालापैकी ७० टक्के विकला गेला पाहिजे. आणि सोडून जाणाऱ्याचा न खपलेला माल परत घेतला पाहिजे. तीनही नियमांचं म्हणणं एकच, माल शेवटी कुणाच्या तरी घरी वापरला जावा, विक्रेत्याच्या पलंगाखाली साठू नये.

आपल्याकडे १९७८ पासून पैशांच्या साखळ्यांवर बंदी घालणारा कायदा आहे. २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अ‍ॅमवेची याचिका फेटाळली तेव्हा तिची योजना याच कायद्याच्या कक्षेत येते असं म्हटलं. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पिरॅमिड योजनेचा आरोप ठेवून त्याच कंपनीच्या ७५७ कोटींच्या मालमत्तेवर तात्पुरती टाच आणली. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे खरंच. दरम्यान २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि मग वर सांगितलेले २०२१ चे नियम. २०१६ च्या तत्त्वांत स्पष्ट म्हटलं होतं, की नवा माणूस भरती केला म्हणून मोबदला देता येणार नाही. २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड आणि पैशांची साखळी या दोन्हींना थेट विक्रीच्या नावाखाली मनाई केली. आणि २०१९ च्या कायद्यातली थेट विक्रीची व्याख्या तर अगदी साधी आहे. कायमच्या दुकानाऐवजी विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत वस्तू किंवा सेवा विकणं. त्यात स्वप्न नाही, डायमंड नाही. विकणं आहे.

मग हा धंदा वाईटच का? मला तसं वाटत नाही. आमच्या जुन्या सोसायटीत एक काकू प्लास्टिकचे डबे विकायच्या. कुणाच्या घरात किती माणसं, कुणाला पिठाचा डबा मोठा लागतो, कुणाच्या झाकणाला तडा गेला, सगळं त्यांना पाठ. मीटिंगला दहा बायका जमायच्या, खिचडी व्हायची, चार डबे जायचे. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली स्वतःची कमाई होती आणि दहाजणींसमोर उभं राहून बोलायला त्या तिथेच शिकल्या. हे मोल छोटं नाही. पण त्यांच्या तोंडी मी कधी 'प्रॉस्पेक्ट' ऐकलं नाही. त्या म्हणायच्या, "माझी गिऱ्हाइकं." दोन वर्षांत त्यांनी एकीलाही 'जॉइन' करवलं नाही. वरच्या बाईंना ते फारसं आवडत नसे म्हणे.

ज्या १९५९ साली अ‍ॅमवे निघाली, त्याच साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोही धंदा माणसांच्या जाळ्यावरच वाढला, आणि लिज्जत पापड देशभर गेला. पण तिथे शिरणाऱ्या बाईला वरची किंवा खालची म्हणत नाहीत, बहीण म्हणतात. आणि तिला पैसे मिळतात ते तिने लाटलेल्या पापडांचे. दोन धंद्यांची तुलना पूर्ण होत नाही, कबूल. तरी 'बहीण' आणि 'डाउनलाइन' हे दोन शब्द शेजारी ठेवले की मला जे म्हणायचंय ते न बोलता कळतं.

तेव्हा जो कुणी हा धंदा सुरू करत असेल त्याला माझं एवढंच सांगणं. ते सतरा शब्द जरूर शिका, मीटिंगमध्ये लागतील. पण त्यांच्या आधी सात जुने शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गिऱ्हाईक, भवानी, खरेदी, खर्च, खप, उधारी, शिल्लक. दर महिन्याच्या शेवटी प्रत्येकापुढे आकडा घाला, रुपयांत. गिऱ्हाईक या शब्दापुढे अशा माणसांची संख्या लिहा, जी धंद्यात नाहीत, तुमच्या नात्यात नाहीत, आणि ज्यांनी दुसऱ्यांदा माल मागितला. तो आकडा तीन महिने शून्यच राहिला तर वस्तूत, किमतीत किंवा योजनेत काहीतरी खोट आहे. तुमच्यात नाही. शिल्लक मालही तेव्हाच परत करा, मुदत आहे तोवर. कंपनी तो किती दिवसांत आणि किती कापून परत घेते हे पहिल्या दिवशीच लेखी विचारून ठेवा.

आणि कुणाकडे जाल तेव्हा बोलणं मराठीत करा. "मावशी, मी साबण विकते. मला एवढ्याला पडतो, तुला एवढ्याला देईन. हवा का?" या वाक्यात लपवण्यासारखं काही नाही. मावशी हो म्हणाली तर भवानी झाली. नाही म्हणाली तर ती निगेटिव्ह नाही, तिला साबण नकोय इतकंच. चहा घ्या आणि निघा. पुढच्या वेळी फोन केलात तर ती उचलेल.